दोन जोड्या, एक सा

“…ते सगळं समजलं. पण ही चार खोकी एवढा घाट चढवून इथवर कशाला आणलीस?”

मोरोबुवा ओसरीच्या कडेला बसून लहानशा खलबत्त्यात पान कुटत होते. दात जाऊन बारा वर्षं झाली होती. पान काही गेलं नव्हतं.

“त्यातलं खरं कोणतं, ते तुम्ही सांगावं म्हणून,” शिवदास म्हणाला.

“खोक्यांतलं?”

“हो, बुवा.”

बुवांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते कळलं नाही. खलबत्ता ठणठण वाजत राहिला.

अंगणापलीकडे काहीच नव्हतं. म्हणजे असणार सगळं… आंब्याचं झाड, दगडांचा गडगा, भाताची खाचरं… पण सकाळी दहाच्या सुमाराला धुकं चढलं आणि सोनकुसळे गाव त्यानं एकेक करत पुसून टाकलं. गडग्यावरची सोनकीची पिवळी फुलं तेवढी राहिली होती. ती कशावर उगवली आहेत, ते दिसत नव्हतं.

शिवदास इंगवले कोल्हापूरचा. ओतकामाचा कारखाना होता त्याचा; पंपांचे, यंत्रांचे सुटे भाग ओतून द्यायचा. वय सत्तावन्न. पण शहरात त्याची ओळख कारखान्यानं नव्हती, कानानं होती. शिवदासचा कान म्हणजे सोनाराचा काटा, असं लोक म्हणत. घराच्या वरच्या मजल्यावर त्यानं गाणं ऐकायची खोली बांधून घेतली होती. दर रविवारी सात-आठ मंडळी तिथं जमत. रेकॉर्ड लागली की सगळे आधी गाण्याकडे नाही, शिवदासच्या चेहऱ्याकडे बघत. तो डोळे मिटून हसला, तर रेकॉर्ड चांगली.

हे त्याला ठाऊक होतं. आवडतही होतं.

खोलीत स्पीकरची एक जोडी होती. विलायती कंपनीची, अक्रोडाच्या लाकडाची, कमरेएवढ्या उंचीची, पुढं तपकिरी कापड ताणलेलं. अठ्ठावीस वर्षं ती तिथं उभी होती. आता त्याच कंपनीनं त्याच नावाचं नवं मॉडेल काढलं होतं. काळं, सडपातळ, छातीपर्यंत उंच. पुण्याच्या दुकानदारानं नवी जोडी पंधरा दिवस घरी लावून ऐकायला दिली होती. पसंत पडली तर जुनी त्याला द्यायची. खोलीत मावणार एकच.

रविवारच्या मंडळींत दोन तट पडले. जुन्यात माया आहे, असं एक तट म्हणायचा. नव्यात सगळं लख्ख दिसतं, असं दुसरा म्हणायचा. आणि शिवदास, ज्याच्या तोंडाकडे सगळे बघत होते, तो गप्प होता.

चौदाव्या दिवशी त्यानं बाबालालचा टेम्पो बोलावला, दोन्ही जोड्या जुन्या गोधड्यांत गुंडाळल्या, आणि आपल्या गाण्यातल्या गुरूंकडे, मोरोबुवांकडे, निघून आला.

एक गोष्ट मात्र त्यानं मंडळींना सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. आणि आता इथं, ओसरीवर बसून, बुवांनाही ती सांगायची नाही असंच त्यानं मनाशी ठरवलं होतं.

“जुना आणि नवा यांत फरक काय?” बुवांनी विचारलं.

शिवदास खुलला. हे सांगण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

“जुना गोल बोलतो, बुवा. सगळं एकमेकांत मिसळून येतं. नव्यात प्रत्येक गोष्ट वेगळी. तबलजीच्या बोटातली अंगठी तबल्याच्या कडेला लागली तर ऐकू येते. गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला, कुठं चोरला, सगळं कळतं. नर्तकीच्या पायातली घुंगरं मोजता येतात!”

“मोजून काय करतोस?”



बुवांनी कुटलेलं पान चिमटीनं तोंडात टाकलं. “लाव,” ते म्हणाले. “आणलायस एवढा डोंगर, तर लाव.”

घरची माणसं खाचरांत गेली होती. बाबालाल आणि शिवदासनं माजघरातली धान्याची कणगी बाजूला सरकवली आणि भिंतीशी चारही स्पीकर मांडले. कडेला जुने, मधे नवे. बाबालाल पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला, उभा जन्म रस्त्यावर काढलेला माणूस. बरोबर आणलेल्या टेपच्या यंत्राला वायरी जोडून झाल्यावर शिवदासनं दोन्ही जोड्यांवर थोडं थोडं काहीतरी वाजवून पाहिलं. बाबालाल दाराला टेकून ऐकत होता.

“ह्यो जुना आज्यावानी बोलतोय,” तो म्हणाला. “आन ह्यो नवा कोर्टातल्या वकिलावानी.”

बुवा हसले. “मग तू कुणाचं ऐकतोस?”

“आज्याचं ऐकतोय आन वकिलाला भितोय,” बाबालाल म्हणाला, आणि टेम्पोत जाऊन झोपला.

शिवदासनं पिशवीतून एक चपटा डबा काढला. आत टेपचं रीळ होतं. जुन्या काळी मोठ्या यंत्रांवर लावत तसलं.

“हे काय?”

“तुम्ही आहात, बुवा.”

बुवांनी डब्याकडे निरखून पाहिलं.

“मंगळवार पेठेतल्या खोलीत मी एकदा यंत्र लावलं होतं. दुपारी. तुम्ही मुलतानी गात होता. तबला नव्हता, आपण दोघंच. मी मागं बसून तानपुरा छेडत होतो. तेहेतीस वर्षं झाली.”

“आठवतं,” बुवा म्हणाले. “तू विचारलं होतंस, लावू का. मी म्हटलं, लाव. पण मला ऐकवू नकोस.”

“कधी ऐकवलं नाही.”

“आज ऐकवणार?”

शिवदासचा हात रिळावर थांबला. “तुमचा आवाज तुमच्याइतका कोण ओळखणार? कोणता स्पीकर खरा, ते यावरूनच ठरेल… तुम्ही नको म्हणालात तर नाही लावत.”

बुवांनी दाराबाहेर पाहिलं. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्याचा एक पदर आत सरकला आणि जमिनीवरून, सारवणाला न शिवता, हळूहळू पसरू लागला.

“लाव,” ते म्हणाले.

आधी नवे.

रीळ फिरू लागलं. खरखर… मग तानपुरा. चार तारा, एकीमागून एक, इतक्या स्वच्छ की बोट तारेवरून सुटतानाचा तो बारीक चटका ऐकू यावा. कुठंतरी खाली, पेठेतल्या रस्त्यावर, सायकलची घंटी वाजली. तेहेतीस वर्षांपूर्वीची घंटी. तो सायकलवाला आज कुठं असेल, असं शिवदासला उगाच वाटून गेलं.

आणि मग आवाज आला.

त्रेपन्न वर्षांच्या माणसाचा, भरदार, किंचित थकलेला आवाज. माजघरात जणू कुणी उभं राहिलं. शहाऐंशी वर्षांचे बुवा भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून त्या उभ्या असलेल्या माणसाकडे पाहत होते. अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं.

“कोण गातोय?” ते पुटपुटले. मग स्वतःशीच, “बरा गातो…”

शिवदासला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत आलं नाही. आलाप चढत होता. निषादावर रेंगाळत होता, परत खाली येत होता, पुन्हा चढत होता. पुढचं त्याला पाठ होतं. अजून चार फेऱ्या… तीन… मग तो वरचा सा लागणार.

लागला.

मोठा, लांब, सरळ. दुपारच्या उन्हासारखा.

बुवांनी मांडीवरची तर्जनी उचलली. उचलून हवेत धरली. मग अंगठा तिच्याजवळ नेला, आणि दोन बोटांमध्ये एक फट ठेवली. केस जाईल एवढी.

आणि ते हसले.

शिवदासनं चटकन यंत्र थांबवलं.

हीच ती गोष्ट होती. नवे स्पीकर आले त्या पहिल्याच संध्याकाळी त्यानं हे रीळ लावलं होतं, आणि तो सा त्याला केसभर खाली ऐकू आला होता. तानपुरा आपल्या जागी, आणि बुवांचा सा त्याच्या जरासा खाली. पुन्हा लावला, पुन्हा खाली. त्या दिवसापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. जगातला एकच सा तो खरा मानत आला होता.

“हे नवे स्पीकर असेच, बुवा,” तो घाईघाईनं म्हणाला. “नको तिथं बोट ठेवतात. थांबा. आता जुने ऐका. जुन्यावर हे असं नाही. जुन्यावर तो सा…”

त्यानं वायरी बदलल्या, रीळ मागं नेलं.

जुन्या स्पीकरमधून तानपुरा आला तो धुपासारखा. तारा वेगळ्या नव्हत्या, सायकलची घंटी कुठंतरी विरून गेली होती. आवाज आला आणि खोली उबदार झाली. शिवदासच्या छातीवरचं ओझं उतरलं. हेच. हेच ते. पेठेतली खोली, लाल कोब्याची जमीन, खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा, आणि समोर बुवांची पाठ. तानपुरा छेडणाऱ्याला गाणाऱ्याचा चेहरा कधी दिसत नाही. पाठ दिसते.

निषाद… खाली… पुन्हा निषाद…

सा.

बुवांनी तर्जनी उचलली. अंगठा जवळ नेला. तीच फट.

“यातही आहे,” ते शांतपणे म्हणाले.

“नाही, बुवा. यात नाही!”

“ऐक.”

रीळ मागं गेलं. सा लागला. आणि या खेपेला शिवदासला ऐकू आलं. जुन्या स्पीकरमधून, त्या सगळ्या मायेमधून, स्पष्ट… केसभर खाली. अठ्ठावीस वर्षं तो तिथंच होता. सोनाराच्या काट्याला तो कधी दिसला नव्हता.

टेप चालूच राहिली. सा संपला. आणि त्यापाठोपाठ तानपुराही थांबला. रिळावर नुसती खरखर उरली… दहा श्वास… पंधरा… मग तानपुरा पुन्हा सुरू झाला, जरा अडखळत.

शिवदासनं यंत्र बंद केलं. माजघरात धुकं आता गुडघ्याएवढं झालं होतं. चारही स्पीकर त्यात उभे होते, नदीला पूर आल्यावर घाटावरचे खांब उभे असतात तसे.

“तुला कधी कळलं?” बुवांनी विचारलं.

“परवा-परवा. नवे आले तेव्हा.”

“तेव्हा ऐकू आलं नव्हतं? त्या दुपारी?”

“नाही.”

बुवा हळूच सरळ बसले. भिंतीचा टेकू त्यांनी सोडला.

“मग तुझा हात का थांबला?”

“कोणता हात?”

“तानपुऱ्यावरचा. सा संपला आणि तू छेडायचा थांबलास. आत्ता टेपमध्येही थांबलास.” बुवांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात आता खेळकरपणा नव्हता. “मला आतून शंका आली होती, शिवदास. वर्षभर येत होती. वाटायचं, नसेल, मनाचे खेळ असतील. पण मागं बसलेला तू, तुझा कान मी घडवलेला, तुझा हात थांबला. तेव्हा खात्री झाली. याला कळलं, म्हणजे सगळ्यांना कळणार.”

शिवदास त्यांच्याकडे बघत राहिला.

“म्हणून तुम्ही…”

“त्यानंतर बैठक घेतली नाही.”

“लोक म्हणाले, वैराग्य आलं. ऐन बहरात सोडलं, असा गवई होणे नाही, म्हणाले. मीसुद्धा हेच सांगत आलो, बुवा. येणाऱ्या-जाणाऱ्याला. दर रविवारी!”

“माझ्याही कानावर आलं होतं,” बुवा म्हणाले. “लोकांना आवडलं होतं. म्हटलं, राहू दे.”

गडग्यापलीकडे कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. बैल दिसला नाही. घंटा मात्र डावीकडून उजवीकडे चालत गेली.

“का थांबला हात?” बुवांनी पुन्हा विचारलं.

तेहेतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं गाणं सोडलं तेव्हा घरच्यांना वाटलं, कारखान्याचं बघायला हवं म्हणून सोडलं. तोही तेच म्हणत आला होता.

“भरून आलं होतं,” तो म्हणाला. “तो सा ऐकला आणि… बोटंच हलेनात. वाटलं, संपलं. सगळं म्हणून झालं. याच्यापुढं गायला काय उरलं? आणि मी गाऊन गाऊन गाणार काय? इथं पोचायला मला सात जन्म लागतील.” त्यानं मान खाली घातली. “पुढच्या महिन्यात मी शिकायला यायचं बंद केलं. तुम्ही विचारलंही नाहीत.”

“मला वाटलं, उतरलेल्या गुरूकडे कोण येतं…”



शिवदासला राग यायला हवा होता. स्वतःचा, त्या यंत्राचा, या म्हाताऱ्याचा, कुणाचा तरी. तो आत शोधत राहिला, पण राग सापडेना. सापडत होती ती पाठ. उन्हाच्या पट्ट्यातली, मलमलच्या सदऱ्यातली, घामानं मधोमध भिजलेली पाठ. ती त्या दुपारी ताठ होती, आणि सा संपल्यावर जरा वाकली होती. त्याला वाटलं होतं, समाधीनं वाकली. आता त्या पाठीपुढचा चेहरा त्याला पहिल्यांदाच दिसला.

“बुवा,” तो म्हणाला, “तुम्ही मागं वळून बघायला हवं होतं.”

“तू पुढं यायला हवं होतंस.”

दोघंही हसले. आधी बुवा, मग शिवदास. हसता हसता शिवदासच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि बुवांनी ते पाहिल्यासारखं दाखवलं नाही. उठले, आत गेले, चुलीवरचा उरलेला चहा दोन पितळी पेल्यांत घेऊन आले. एकाचा काठ चेपलेला होता. तो त्यांनी स्वतःसाठी ठेवला.

चहा कोमट होता. दोघांनी तो सावकाश प्यायला.

दुपारनंतर बाबालाल डोळे चोळत आला. “सायेब, धुकं जरा पातळ झालंय. घाट उतरायचा तर आत्ताच उतराय पायजे. आदी कुटली चढवू? आन पुन्याला कुटली जायाची?”

“जुनी जातील पुण्याला,” शिवदास म्हणाला.

इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बुवांनी भुवई उचलली. “ठरलं?”

“ठरलं.”

“नवी खरी म्हणून?”

“नाही, बुवा. आता दोन्हीकडून सारखंच ऐकू येतं. मग नवी निदान जागा कमी खातात.”

बुवांना हे आवडलं. त्यांनी जुन्या स्पीकरजवळ जाऊन त्याच्या लाकडावर तळहात ठेवला, गोठ्यातून विकायला काढलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि काढून घेतला.

बाबालालनं गोधड्या पसरल्या. खोकी एकेक करून चढली. दोर आवळले गेले. शिवदासनं रिळाचा डबा बुवांपुढं धरला. बुवांनी तो घेतला नाही, दोन बोटांनी मागं ढकलला. शिवदासनं वाकून नमस्कार केला. पायांची कातडी थंड आणि कोरडी होती. पाठीवर हात पडला आणि थोडा वेळ तिथंच राहिला.

टेम्पो सुरू झाला. शिवदास अंगणाच्या मध्यापर्यंत गेला आणि थांबला. परत ओसरीशी आला. धुक्यातून बुवा अर्धेच दिसत होते.

“बुवा…”

“हं.”

“तो सा उतरलेला होता.”

“होता.”

“दोन्हीकडून उतरलेला. मी तोच घेऊन आयुष्य काढलं.” “मग त्या दुपारी मी जे ऐकलं, बुवा… ते काय होतं?”

बाबालालनं एकदा भोंगा वाजवला.

“ते?” बुवा म्हणाले. “ते अगदी सुरात होतं.”